वंदनेपुरती शांतता

बाहेरून आलेल्या माणसाने आधी घरच्यांची तोंडं बघावीत, पण नागसेनला तेवढीही रीत उरली नव्हती. अमीरपेटच्या कॉम्प्युटर क्लासातून आला तो पाय न धुताच टेबलावरच्या काळ्या खोक्यापुढे वाकला. विठाबाईने त्याच्या ताटात भाकरी जरा आपटूनच वाढली.

"माय जिती आहे का, ते तरी बघ रे!"

खोका म्हणजे कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना राउटर. नोकरी सुटल्यावर नागसेनने तो सिकंदराबादच्या बाजारातून घरी शिकायला आणला होता. सोमवारी क्लासची परीक्षा. पास झाला तर नवी नोकरी. नाहीतर चाळिशीत मेहुण्याच्या दुकानात पुड्या बांधणं. खोका विकणाऱ्याने बजावलं होतं, मेमरी तपासल्याशिवाय भरवसा ठेवू नको. तपासणीला अख्खा दिवस लागायचा. नागसेन सकाळी ती लावायचा आणि क्लासातून येऊन पाहावं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेली. मेमरीच्या पट्ट्या त्याने खोडरबराने घासल्या, जागा बदलून लावल्या, शेवटी नवी आणली.

"नव्या पट्टीला पण तेच." तो खुर्चीत बसला. "मधीच मरतंय अन् पुन्हा उठतंय. नक्को आता. उद्या परत देतो. परीक्षा पण नक्को."

"मधी म्हंजे कधी?"

"सांजच्याला. मी नसतो तवाच."

विठाबाईचा हात टोपल्यात तसाच राहिला.

दिवेलागणीला बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावण्याआधी ती घरातली सगळी बटणं बंद करत असे. पंखा, टीव्ही, फ्रीज, जे घरघरेल ते. वंदना झाली की पुन्हा चालू. ही तिच्या नवऱ्याची, नागोरावची रीत. तो गिरणीतून यायचा तेव्हा भुवयांवरसुद्धा कापूस असायचा. आंघोळ करून पांढरा सदरा घालायचा आणि ऐन मे महिन्यात पंखा बंद करायचा. म्हणायचा, "दिवसभर डोक्यात माग चालतात, विठा. एवढा वेळ तरी कानांना सुट्टी." मग त्याचा घोगरा आवाज त्रिसरण म्हणू लागायचा. तो गेला तरी तिने ती शांतता मोडली नव्हती. त्या शांततेत तिच्या शब्दाच्या जरा पुढे त्याचा शब्द अजून चालायचा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

नागसेन वायरी गुंडाळायला लागला.

विठाबाईने पदराला हात पुसले. भिंतीवरच्या फोटोतल्या नागोरावकडे पाहिलं, मग पोराच्या वाकलेल्या पाठीकडे. उठून तिने त्याच्या हातातली वायर काढून घेतली.

"ठेव ते. डबा धडधाकट आहे तुझा. वंदनेला मीच बंद करते त्याला."

नागसेन वळला. "माय, तू?"

"हौ, मी! मला इचारलंस कधी? लाव परत. उद्या दिवसभर घरघरू दे. वंदना मी मोठ्यानं म्हणीन. गिरणीच्या फाटकातून हाक मारली तर मागांच्या गोंगाटात ऐकू यायची तुझ्या बापाला, ह्या डब्याचं काय घेऊन बसलास!"