दगडाबाईचं जयपूर

सोपान फोटोवाल्याने कुलपात किल्ली घातली तोवर जोतीराम पायरीवरून उठला होता. शटर वर ढकलायला त्यानेच आधी हात लावला. साठी ओलांडलेला शेतकरी सकाळी साडेआठाला, इंदापूरच्या स्टँडसमोर, आपल्याच दुकानाचं शटर असल्यासारखा जोर लावतोय, हे बघून सोपानला हसू येणार होतं. पण त्याचं लक्ष त्या वाढलेल्या पांढऱ्या दाढीकडे आणि गंध नसलेल्या कपाळाकडे गेलं, आणि त्याने हसू आवरलं.

"कोन गेलं, आबा?"

"घरातली गेली. उद्या दहावा हाय." जोतीराम आत शिरला. "वळखलं का मला?"

"वळखलं की. चार वर्सं झाली. मंडळींनी फोटोच्या मागं दुकानाचा शिक्का मारू दिला न्हवता. असं गिऱ्हाईक इसरत न्हाय."

आतल्या खोलीत भिंतभर तो पडदा तसाच लोंबत होता. गुलाबी महाल, त्याला मोजता न येणाऱ्या खिडक्या, वर तीन ढग आणि खाली कोपऱ्यात एक मोर. रंगवणाऱ्याच्या हातून मोराचा एक पाय चांगला चार बोटं लांब झाला होता. रंग आता जागोजागी उडाला होता. जोतीराम त्या मोराकडे बघत राहिला.

"ह्यो पडदा काढा," तो म्हणाला.

"आँ?"

"अकराच्या गाडीनं पोरं येत्यात. पोरगा, सून आन् लेक. तिचा फोटो मोठा करून घ्यायचाय, तेराव्याला लावायला. मी म्हनलं बारामतीला नेऊ, तर पोरगं म्हनतं, इंदापूर जवळ असताना कशाला. त्यास्नी ह्यो पडदा हितं दिसता कामा न्हाय."

"आबा, दुपारी दोन पोरी यायच्यात, दाखवायचा फोटो काढायला. धा वर्सं झाली, पोरींना ह्योच पडदा लागतो."

"दुपारी परत लावा. मी लावू लागतो."

सोपानने खुर्ची पुढे ओढली. जोतीराम बसला नाही. जे चार वर्षांत कुणापाशी बोलला नव्हता, ते त्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

त्र्याण्णव सालचा फेब्रुवारी. लेकीचं, विजयमालाचं, लग्न ठरलेलं. सुपारी फुटलेली, मुहूर्त नऊ मेचा. त्याच दिवसांत दगडाबाईला अंगावरून जायला लागलं ते थांबेना. तालुक्याच्या डॉक्टरने पुण्याला तपासायला सांगितलं. पुण्याहून उत्तरेला यात्रागाडी निघते, तिने जाऊन येतो, असं वस्तीवर सांगून दोघं निघाली. आठ दिवस पुण्यातल्या एका दवाखान्याच्या आवारात काढली. आठव्या दिवशी डॉक्टरने जोतीरामला बाजूला घेतलं. पिशवीच्या तोंडाशी गाठ आहे, ती चांगली नाही, महिन्याच्या आत ऑपरेशन करा, असं तो म्हणाला.

बाजूला घेतलं तरी दगडाबाईला ऐकू आलंच. ऐकायचं ते तिला नेहमीच ऐकू यायचं.

"लगीन झाल्याबिगर न्हाय," ती म्हणाली. "आईला तसला रोग म्हनल्यावर पावनं दारात उभं ऱ्हातील व्हय? म्हनतील, आईचं हाय ते लेकीतबी उतरंल. मोडलेल्या लग्नाची पोरगी कुठं ठिवू मी?"

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. पळसदेवच्या पुढे धरणाचं पाणी रस्त्याच्या जवळ येतं, तिथे पाण्यावर लांबवर एक गुलाबी पट्टा दिसला. दरवर्षी येणारे ते परदेशी पक्षी. गाडी गेली आणि एका कडेचे उठले, तर सगळं पाणीच गुलाबी झालं. आठ दिवसांत ती पहिल्यांदा काही बघत होती.

"पुढल्या वर्सी उतरून बगू," जोतीराम म्हणाला होता. वस्तीपासून ते पाणी फार लांब नव्हतं. पण पुढल्या वर्षी काही जमलं नाही, त्याच्या पुढल्या वर्षीही नाही, आणि आता हे आठवलं की त्याला घास गिळवत नसे.

इंदापूरला वस्तीकडे जाणारी बावड्याची गाडी यायला दोन तास होते. लोक विचारतील काय बघितलं, आणि काय सांगायचं, हा प्रश्न होता. स्टँडसमोर सोपानचं दुकान दिसलं. आत गुलाबी पडदा बघून दगडाबाई थबकली.

"ह्ये कुठलं हो?"

"जयपूर हाय मावशी. गुलाबी शहर म्हनत्यात त्याला."

"मग आमी जयपूरला गेल्तो," ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून मोराशेजारी उभी राहिली. फोटोत ती हसलेली आहे. तिचा तेवढाच एक हसरा फोटो.

निघताना सोपानने भिंतीवरचं जुनं कॅलेंडर तिला देऊन टाकलं होतं. फिल्मचे रोल विकणाऱ्याकडून आलेलं, इंग्रजी, बारा पानांवर जगातली बारा गुलाबी ठिकाणं. पहिल्या पानावर जयपूर होतं. दगडाबाईला वाचता येत नव्हतं. पहिलं जयपूर म्हणजे बाराही जयपूरच, असं तिने धरलं. मग वस्तीवरच्या बायकांना चार वर्षं ती सांगत आली की जयपूरला एक तळं आहे, त्याचं पाणी गुलाबी. जयपूरला समुद्र आहे, त्याची वाळू गुलाबी. डोंगर कोरून केलेलं देऊळ आहे, तेही गुलाबी, आणि तिथले मोर लांब टांगांचे असतात. जोतीराम मान हलवायचा. त्याला तरी जयपूर कुठे माहीत होतं?

लग्न नऊ मेला झालं, थाटात झालं. जूनमध्ये ऑपरेशन झालं. पिशवी काढली, एवढंच सगळ्यांना सांगितलं. पिशवी काय, गावात दहा जणींची काढलेली होती. गेल्या दिवाळीत दुखणं उलटलं. डॉक्टर म्हणाला, तेव्हा चार महिने आधी आला असता तर वेगळं बोललो असतो.

"लेकीला ह्यातलं काय म्हाईत न्हाय," जोतीराम म्हणाला. "हितं पडदा दिसला की तिला कळंल जयपूर खोटं. मग ती इचारंल ते आठ दिस कुठं हुता. आन् आई आपल्या लग्नापायी थांबली हे तिला कळलं, तर ती त्या घरात सुकानं नांदंल का? जाताना हिनं माझा हात धरून येवढंच मागितलं. आपल्या मालीला कळू देऊ नगा म्हनाली."

सोपानने स्टूल आणलं, वर चढून बांबूची एक बाजू खुंटीवरून काढली आणि दुसरी जोतीरामने धरली. जुना कापडी पडदा, पाण्यात कालवलेला रंग. गुंडाळताना त्याची पावडर भुरभुर गळत होती. फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत पडदा उभा करून ठेवला आणि त्याजागी निळा पडदा लावला. सोपानने झाडूने फरशी झाडून घेतली. जोतीराम ओल्या फडक्याने कोपरे पुसत राहिला.

अकराला तिघं आली. युवराजने पिशवीतून फोटो काढून टेबलावर ठेवला. विजयमाला बापाला बघून म्हणाली, "आबा, तुमी तर बाजाराला जातो म्हनून पहाटं निघाला, आन् हितं?"

"बाजार उरकला. म्हनलं तुमची वाट बघावी."

बाजाराची पिशवी त्याच्या हातात नव्हती. ते कुणी विचारलं नाही. सून राजलक्ष्मी त्याच्या जवळ आली. ती इथलीच, इंदापूरची. बारावीपर्यंत शिकलेली, कमी बोलणारी. तिने सासऱ्याच्या बाहीकडे पाहिलं आणि पदराच्या टोकाने दोनदा झटकलं.

"चुना लागलाय मामा," ती म्हणाली.

जोतीरामने खाली पाहिलं. बाहीवर कोपरापर्यंत गुलाबी होतं. चुना कधी गुलाबी असतो? पण राजलक्ष्मी तोवर वळून टेबलाकडे गेली होती.

"मागचं समदं काढून टाका," युवराज सोपानला सांगत होता. "साधं निळं करा. हारात ते बरं दिसतं."

जोतीरामचा श्वास मोकळा झाला. महालही जाईल, मोरही जाईल. झंझटच मिटली.

"नगं दादा," विजयमाला म्हणाली. तिने फोटो उचलून छातीशी धरला होता. "आई जल्मात येकदाच कुठं गेली. तेवढं तरी ऱ्हाऊ दे तिच्या मागं."

तिने फोटो उलटा केला. मागची बाजू कोरी होती. अंगठ्याने तिने ती उगाच पुसली आणि फोटो सोपानच्या हातात दिला.

"ह्यातलं काय बी काढू नगा. आन् त्यो मोरबी येऊ द्या."

"येईल की," सोपान म्हणाला. "शनिवारी न्या."

संध्याकाळी वस्तीवर बायका येऊन बसल्या होत्या. जोतीराम आतल्या खोलीत होता. बाहीवर झटकलेला तो पदर त्याच्या डोक्यातून जात नव्हता. सोपान म्हणाला होता, धा वर्सं झाली, पोरींना ह्योच पडदा लागतो. आणि राजलक्ष्मीचं माहेर इंदापूर. तिला बघायला जायच्या आधी मध्यस्थाने आणून दिलेला फोटो जोतीरामने स्वतः हातात घेतला होता, एकोणनव्वद साली. काळा-पांढरा होता तो. पोरगी उभी, एक हात फुलदाणीच्या स्टुलावर. पोरगी बघायची सोडून मागचं कोण बघतंय?

त्याने ट्रंक उघडली आणि अल्बम काढला. फोटो त्याच पानावर होता. पण तो पहिल्यासारखा नव्हता. राजलक्ष्मीची आकृती कडेकडेने कात्रीने कापून पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली होती. मागचं काही उरलं नव्हतं. नीट, सावकाश, केसांच्या बटांवरून सुद्धा कात्री फिरवलेली. फक्त स्टुलावरचा हात आणि साडी यांच्या मधल्या फटीत कात्री शिरली नव्हती. जोतीरामने चष्मा लावून अल्बम खिडकीशी नेला. त्या फटीत एक पाय होता. मोराचा, करड्या रंगाचा, तोच प्रमाणाबाहेर लांब झालेला.

तो तिथेच ट्रंकेवर बसला.

म्हणजे दगडाबाईचा फोटो घरात आला त्या दिवसापासून राजलक्ष्मीला ठाऊक होतं. बारावी शिकलेली पोरगी, जयपूरला समुद्र नसतो हे तिला कळत नव्हतं का? तरी भाकरी थापताना तीच विचारायची, "मग तळ्यात उतरला का आत्या?" आणि दगडाबाई रंगात येऊन सांगत सुटायची. त्याच फेब्रुवारीपासून राजलक्ष्मीने सासूच्या हातून पाण्याची कळशी काढून घेतली होती. तुमी बसा, मी आणते. कधी कसली चौकशी नाही. आपण दोघांनीच सगळं वाहिलं, असं जोतीराम आजवर समजत होता. त्याला रडू आलं. नऊ दिवसांत आलं नव्हतं, ते आता अल्बम मांडीवर घेऊन आलं, आणि बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून त्याने बाही तोंडात धरली.

बाहेर विजयमालाचा आवाज आला.

"वैनी, आई त्या तळ्याचं काय सांगायची गं? मला नीट आठवंना झालंय."

राजलक्ष्मी सांगू लागली. इंदापूरची पोरगी, पण शब्द सासूचे होते, थांबण्याच्या जागासुद्धा सासूच्याच.

"आत्या म्हनायच्या, तितलं पानी गुलाबी. वंजळीत घेतलं तरी गुलाबीच. आन् समुद्राच्या कडंची वाळूबी तसलीच. लई मोर. लांब टांगांचं."

"आन् मग?"

"मग काय, आत्या म्हनायच्या, मला परत यावंच वाटंना."

बायका हळहळल्या. विजयमाला हुंदका देऊन रडायला लागली. जोतीरामने डोळे पुसले, अल्बम ट्रंकेत तळाशी घातला, वर दगडाबाईची लुगडी ठेवली आणि दारात येऊन उभा राहिला. राजलक्ष्मीने मान वर केली. ती त्याच्याकडे सरळ बघत होती.

"तसंच हुतं न्हवं, मामा?"

"व्हय," जोतीराम म्हणाला. "तसंच हुतं. आमी दोघं जाऊन आलो की."