अबोलीताईचे दोन वाढदिवस

यंदा नववीत मी डिबेट टीममध्ये शिरले आणि बदललेच. आधी मी तोंड उघडायची नाही, आता स्टेजवर उभं राहून सिनियर मुलांना गप्प करते. प्रॉब्लेम एवढाच की स्टेजवरून उतरलं की बोलायला कोणी नसतं. टीममधल्या मुली छान आहेत, पण शुक्रवार दुपार झाली की इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीतला आमचा अख्खा रस्ता गाड्यांच्या मागे बोटी जोडून ‘अप नॉर्थ’ निघून जातो, आपापल्या तळ्याकाठच्या केबिनवर. उरतो आम्ही तिघं. त्यातले आई-बाबा लॅपटॉपवर.

म्हणून अबोलीताईचा मेल आला तेव्हा मी घरभर नाचले. ताई म्हणजे माझ्या सुमित्राआत्याची मुलगी, नागपूरला कॉलेजात शिकते. तिला आमच्याच मिनेसोटात, उत्तरेकडे एका तळ्यावरच्या समर कॅम्पमध्ये लहान मुलांना सांभाळायचं काम मिळालं होतं. आधी थोडे दिवस ती आमच्याकडे राहणार, मग दर रविवारी मी तिला भेटायला जाणार. म्हणजे अप नॉर्थ आता माझंही कोणीतरी असणार होतं. मी अर्धं कपाट रिकामं केलं, आणि शाळेत ज्याला त्याला सांगत सुटले.

व्हिसाच्या मुलाखतीआधी एक सरकारी फी भरायची होती. बाहेरून शिकायला येणारे, ताईसारखे सुट्टीपुरते कामाला येणारे, कोण कुठे आहे यावर इथलं सरकार कॉम्प्युटरवरून लक्ष ठेवतं, आणि त्याचा खर्च त्यांच्याकडूनच घेतं. मी म्हटलं, म्हणजे आपल्यावर नजर ठेवणाऱ्याचा पगार आपणच द्यायचा. बाबा म्हणाले, हा पॉइंट डिबेटला वापर. ताईसारख्यांना फी पस्तीस डॉलरच होती, पण आत्याकडे डॉलरमध्ये चालणारं कार्ड नव्हतं, म्हणून बाबांनी इथून ऑनलाइन भरायचं ठरलं. ताईने कॅम्पच्या कागदावरचा नंबर मेलने पाठवला होता. बाबा जन्मतारखेच्या रकान्यापाशी आले तेव्हा मी म्हटलं, ताईला विचारू या का?

“मामाने भाचीचा वाढदिवस विचारायचा?” बाबा हसले. “दवाखान्यात रात्रभर बाकावर मी बसलो होतो. एकोणीस ऑगस्ट.”

तारीख बरोबरच होती. दरवर्षी त्याच दिवशी आम्ही ताईला फोन करतो. पण ताईला शाळेत एक वर्ष आधी घालता यावं म्हणून आतोबांनी तिची तारीख मागे सरकवून एक जून लावली होती. तीच दाखल्यावर, तीच पासपोर्टवर. एक जूनला तिला कोणी कधी केक कापायला लावला नाही, त्यामुळे आमच्या घरात कोणाच्या ते डोक्यातही नव्हतं.

ताई मुलाखतीसाठी नागपूरहून मुंबईला अमेरिकन वकिलातीत गेली, सकाळपासून रांगेत उभी राहिली, आणि खिडकीतल्या बाईंना पासपोर्टवरच्या तारखेने तिची फी सापडेना. तिला परत पाठवलं.

मग मी कामाला लागले. फीच्या हेल्पलाइनवर माझ्या डिबेटच्या आवाजात बोलले. पलीकडचा माणूस फार सभ्य होता, त्याने सगळं ऐकून घेतलं, सांगितली ती कागदपत्रं आम्ही फॅक्स केली आणि तारीख दुरुस्तही झाली. पण मुलाखतीची पुढची वेळ मिळाली ती थेट जुलैमधली. तोवर कॅम्पने ताईच्या जागी पोलंडची एक मुलगी घेतली. मी कॅम्पलाही फोन केला. तिथली बाई म्हणाली, तू किती छान बोलतेस.

बाबा संध्याकाळी टीव्ही लावून त्याचा आवाज बंद करून बसायला लागले. आई म्हणाली, कोणाच्याही हातून झालं असतं. ते म्हणाले, माझ्या हातून झालं.

आज शुक्रवार. ताईचा फोन आला तेव्हा तिच्याकडे शनिवारची सकाळ होती. मला वाटलं होतं ती रडेल, तिला काय काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. पण ती तर मैत्रिणींबरोबर चिखलदऱ्याला निघाली होती.

“अगं, खरं सांगू? मला धड पोहता पण येत नाही,” ती म्हणाली. “त्या पोरांनीच मला बाहेर काढलं असतं.”

“मग पुढच्या वर्षी येशील ना?”

“पुढच्या वर्षी कुठे गं, फायनल इयर आहे. ए, खाली गाडी आली. मामाला सांग, टेन्शन नको घेऊ म्हणावं. ठेवते हं.”

तिने फोन ठेवला. शेजारच्या खोलीत बाबा तसेच बसले होते, मुक्या टीव्हीसमोर. भिंत पातळ आहे, माझं बोलणं तिकडे ऐकू जातं.

मी फोन कानालाच ठेवला.

“खरंच ताई? पुढच्या वर्षी नक्की?” मी मोठ्याने म्हटलं. “सांगते ना बाबांना.” आणि हसले, चांगली खळखळून.

थोड्या वेळाने पलीकडे टीव्हीचा आवाज सुरू झाला. आता थांबलं तरी चाललं असतं. पण मी पलंगावर पाय वर घेऊन बसले, आणि ती लाइनवर असताना जे जे सांगायचं राहून गेलं होतं, ते सगळं तिला हळू आवाजात सांगत राहिले.