जखमेची साक्ष
चंद्रभान मेला आणि त्याचं दुखणं एका दिवसात बेवारस झालं. वर्धेच्या कोर्टाच्या व्हरांड्यात तरुण वकील साहिल हेच त्याच्या बायकोला, शालूबाईला समजावत होता.

"काकू, दवाखान्याची बिलं वारसाले मागता येतात. पण दुखण्याची भरपाई ज्याची त्यालेच. माणूस गेला का ते गेलं, असंच त्या गाडीची विमा कंपनी म्हणून राह्यली. हां, अपघाताच्या जखमेनंच काका गेले असं कोर्टाले पटलं, तर मंग दावा मरणाचा होते."

"म्हणजे बिलं जित्ती राह्यली," शालूबाई म्हणाली. "अन् दोन वर्षं हे वरडले, ते कोणाचंच नाई?"

कायदा साहिलने थोडाच केला होता!

सेलूच्या बाजारात वांगी घेऊन निघालेल्या चंद्रभानला मालवाहू गाडीने उडवलं. कंबर मोडली, माणूस खाटेला खिळला. पडून पडून कंबरेखाली जखम झाली, ती आत आत खात गेली. पण आपल्याकडची तऱ्हाच न्यारी. खाटेवरच्या माणसाला जखम झाली की लोक गाडीवाल्याला विसरतात आणि बायकोकडे बघतात. हिनं सेवा केली नाही, निकाल लागला! चार घरांत चर्चा नको म्हणून शालूबाईने जखम चादरीखाली ठेवली. कडुनिंबाच्या पाण्याने रोज स्वतःच धुतली. तापाचं औषध द्यायला आलेल्या डॉक्टरलाही दाखवली नाही. चंद्रभान त्याच तापात गेला. अंघोळ घालायला माणसं यायच्या आत तिने जखमेवर फडकं घट्ट बांधलं आणि दीर नानाजींना सांगितलं, हृदयाचा झटका आला. नानाजींनी ग्रामपंचायतीत तसंच नोंदवलं.

"काऊन लपवलं, काकू?" साहिल कळवळला. "आता तुमालेच बोला लागते, भर कोर्टात."

साक्षीच्या दिवशी नानाजी मागच्या बाकावर बसले होते. त्यांच्यासमोर शालूबाई बोलली. जखमेचा वास, पू, त्यात पडलेले किडे, झटक्याची खोटी गोष्ट, सगळं बोलली. लाजेने तिचे कान तापले होते, तरी ती थांबली नाही.

कंपनीचा वकील शांतपणे उठला.

"जखम तुम्हाला रोज दिसत होती?"

"रोज. मीच धूत होती जी."

"डॉक्टरांना दाखवली?"

"नाई."

"म्हणजे तुमचा नवरा अपघाताने नाही, तुमच्या हलगर्जीपणाने गेला."

शालूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "दोन वर्षं मी सुदी झोपली नाई! कंबर काय म्या मोडली त्यायची? तुमच्या गाडीवाल्यानं एकदा तरी येऊन पाह्यलं का?"

"बाई, विचारलं तेवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाले आणि टंकलेखकाला सांगू लागले, "लिहा. जखम असल्याचे मला माहीत होते. मी ती डॉक्टरांना दाखवली नाही. मृत्यू झटक्याने झाला असे मीच दिराला सांगितले."

नानाजी उठून बाहेर गेले. तिच्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

शिपायाने कागद पुढे केला. साहिलने तिला तो हळू आवाजात वाचून दाखवला. रात्रींचं जागणं त्यात नव्हतं, गाडीवालाही नव्हता.

"काही चुकीचं लिहिलं आहे का, बाई?" न्यायाधीशांनी विचारलं.

चुकीचं एक अक्षरही नव्हतं. शालूबाईने सही केली.