फाट्यावर ऐकलेला प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. आजकालच्या बिनवायरच्या माइकसारखा देखणा नाही. माझ्या डोक्यावरची जाळी दोन ठिकाणी चेपली आहे. सोलापूरच्या एका दुकानातून मला आणलं, तेव्हापासून मी नळदुर्गजवळच्या एका गावच्या ग्रामपंचायतीत आहे. नळाला पाणी कधी सुटणार, पोलिओचा डोस कुठं मिळणार, कुणाची शेळी हरवली, हे गावानं माझ्यातूनच ऐकलं. सुरुवातीला माझं भारी कौतुक होतं. पुढं मी खरखरू लागलो, तशी माणसं मला थापट्या मारू लागली.

थापट्या न मारणारा एकच माणूस होता, आयुब. तो गावात पंखे, मिक्सर आणि माझ्यासारखे माइक दुरुस्त करायचा. माझी तार जोडून झाली की म्हणायचा, "हॅलो, मी आयुब बोलतोय. ऐकू येत असेल तर चहा पाठवा." आणि खरंच कुणीतरी चहा घेऊन यायचं.

गेल्या वर्षी भर दुपारी गावाच्या फाट्यावर आयुबचा खून झाला. मारणारा सुरज शेजारच्या गावचा. पोलिसांनी त्याला त्याच दिवशी पकडलं. कुणी मारलं याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो का मारलं याबद्दल. आयुबच्या मोपेडचा सुरजच्या मोटारसायकलला धक्का लागला होता. काही जण म्हणत, रागाच्या भरात घडलं. काही जण म्हणत, मुसलमान म्हणून मारलं, हा द्वेषातून झालेला गुन्हा आहे. टीव्हीवर सहा-सहा माणसं एकदम बोलत. त्यांतल्या एकानंही आमचा फाटा पाहिलेला नव्हता.

आठवड्यानं ग्रामपंचायतीसमोर शांतता बैठक भरली. सरपंच श्रीमंत यांनी मला हातात घेतलं. "भांडण धक्क्याचं होतं. उगाच जातीधर्माचं नाव काढून गाव बदनाम करू नका." मग बाहेरगावचे दोन पुढारी बोलले. एकानं द्वेष असल्याचं छातीठोकपणे सांगितलं, दुसऱ्यानं नसल्याचं. दोघांनाही टाळ्या पडल्या.

शेवटी मला आयुबच्या बायकोच्या, अजीजाबीच्या हातात दिलं. तिनं काय म्हणावं, हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

ती म्हणाली, "मी तिथं नव्हते. मला कसं कळणार? ज्यानं बघितलं, त्यानं सांगावं. माझी पोरगी मदिहा रोज विचारती, अब्बाला का मारलं. तिला मी खोटं सांगणार न्हाय."

बायकांच्या घोळक्यातून सिताबाई उठली. खून झाला तेव्हा काळी-पिवळी जीपची वाट बघत ती फाट्यावर बसली होती. पोलिसांत तिनं जबाबही दिला होता. सुरज तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. अजीजाबीच्या हातातून तिनं मला घेतलं.

"म्या जबाबात धक्क्याचं सांगितलं," ती म्हणाली. "फुडचं न्हाय सांगितलं. बहीण पाया पडली माझ्या."

"सिताबाई, आता बसा तुमी," श्रीमंत म्हणाले.

"बसते की. धक्का लागला, शिवीगाळ झाली. आयुबनं हात जोडले. सुरज गाडीला किक मारून निघाला बी होता. मग थांबला, अन् इचारलं..."

श्रीमंतांनी मला जोडलेल्या मशीनचं बटण बंद केलं. माझा आवाज गेला. मागची माणसं पुढं सरकली. सिताबाईनं मला खाली केलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"इचारलं, नाव काय तुझं? ह्यानं सांगितलं, आयुब. तवा सुरजनं गाडी लावली, गाडीला अडकवलेला लोखंडी पाइप काढला अन् माघारी आला. 'तुमचं लई झालं,' म्हणला. म्या वरडले, तवर डोस्क्यात घातला हुता."

कुणी टाळी वाजवली नाही. अजीजाबी खाली बसली. सिताबाई तिच्याशेजारी बसली, पण अजीजाबीला हात लावायचा धीर तिला झाला नाही. अजीजाबीनंच विचारलं, "त्यांनी हात जोडले होते?" सिताबाई म्हणाली, "व्हय."

दुसऱ्या दिवशी सिताबाईनं ठाण्यात पुरवणी जबाब दिला. बहिणीनं तिच्याशी बोलणं टाकलं. हे आधी का सांगितलं नाही, असं सुरजचे वकील तिला कोर्टात विचारणार आहेत. तिच्याकडं उत्तर आहे, पण ते तिला सोपं जाणार नाही. निकाल अजून लागलेला नाही. टीव्हीवाले दुसऱ्या गावाला गेले. पारावर मात्र वाद चालूच आहे.

मी आता कपाटात असतो. बैठक घ्यायला कुणी धजत नाही. मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसली तरी चालेल. पण कधी हातात घ्याल, तेव्हा आधी मनाशी ठरवा: आपण सांगतोय ते स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे, की नुसतं ऐकीव? मला त्यातला फरक कळत नाही. मी दोन्ही सारख्याच मोठ्या आवाजात सांगतो.