लाल नळाचं पाणी

मी एक जुना गिझर आहे, मित्रांनो. हसू नका! दुबईत गिझर कशाला, असं भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. आणि डिसेंबर लागला की हाच पाहुणा अंघोळीआधी माझ्या बटणाचा दिवा पेटलाय का, हे बघून घेतो. मी कुणाला काही बोलत नाही. बोलताच येत नाही म्हणा!

माझा जन्म दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात झाला. पत्रा वळवून माझं गोल पोट केलं, आत पाणी तापवणारी कॉईल बसवली आणि वर छान पांढरा रंग दिला. तिथून मी दुबईतल्या अल कुसैस भागातल्या एका जुन्या इमारतीत आलो. स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या बाथरूमच्या छतात मला चढवलं आणि खालून झाकण लावून टाकलं. तेव्हापासून मला झाकणाच्या फटीतून खालचं थोडंसं दिसतं, बाकी सगळं नुसतं ऐकू येतं. पण कान माझे तिखट आहेत हं.

या घरात मुनीर, त्याची बायको जैनब आणि मुलगी फिरदोस राहतात. मुनीर मूळचा रत्नागिरीचा, नोकरीला हमरियात. म्हणजे माझा गाववालाच की! यंदा उन्हाळ्यात त्याने आपल्या आईला, हाफिजाला, कायमचं इथे आणलं. गावी ती एकटी पडली होती आणि तिचे गुडघे फार दुखायचे. माझं छोटं बाथरूम तिला दिलं. बाकीचे मोठं वापरतात.

आता इथल्या उन्हाळ्याची गंमत ऐका. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाने इतकं तापतं की निळ्या नळाला, म्हणजे थंड पाण्याच्या नळाला, कढत पाणी येतं. मग लोक मला बंद करून ठेवतात. माझ्या पोटातलं पाणी एसीच्या गारव्यात निवत पडतं आणि लाल नळातून थंडगार येतं. सगळा उलटा कारभार!

पहिल्याच दिवशी फिरदोसने आजीला बजावलं, "दादी, रेड इज कोल्ड, ब्लू इज हॉट. डोन्ट फरगेट!"

"अम्मी, निळ्याला हात लावू नका, भाजेल," जैनबने समजावलं. "लाल उघडा."

हाफिजाने ते मनात पक्कं केलं. "माशाल्ला, माठातल्यासारखं पाणी आहे गं!" ती रोज म्हणायची. मला केवढं बरं वाटायचं! गिझर असून गारव्याची शाबासकी मिळवणारा मीच.

नोव्हेंबर सरत आला तसा एका रविवारी मुनीर शिडी घेऊन आला.

"अहो, प्लंबरला बोलवा ना," जैनब म्हणाली. "गनी लगेच येईल."

"नको. गार पाण्याने अम्मीचे गुडघे धरतात. तिचं काम मीच करणार."

त्याने मेन स्विच पाडला, पाण्याचा कॉक बंद केला आणि माझं पोट रिकामं केलं. मुठी भरभरून क्षाराच्या खपल्या काढल्या, कॉईल नवी घातली, वायसर बदलले. "यल्ला, चल, तापव आता!" म्हणत त्याने मला थोपटलं आणि बटण दाबलं. मी तर नवरदेवासारखा तयार झालो. हाफिजा तेव्हा दुपारची झोपली होती.

थंडी पडली. मी पाणी तापवून वाट बघत राहिलो, पण लाल नळ कुणी उघडेचना! रोज सकाळी खालून निळ्या नळाचा आवाज यायचा आणि पाठोपाठ हाफिजाचं कुडकुडत "या अल्ला". अहो, निळा म्हणजे गरम, हेच तिच्या डोक्यात होतं! निळ्याला एवढं गार येतंय म्हणजे लाल नळाला बर्फच येत असेल, असं धरून ती त्याच्या वाटेलाही जात नव्हती. मी वर तापलेला आणि ती खाली गारठलेली. माझा जीव नुसता तळमळायचा.

शेवटी एक दिवस जेवताना ती म्हणाली, "मुनीर, माझं तिकीट काढ. मला घरी जाऊ दे."

"का? कुणी काही बोललं?"

"छे रे! करमत नाही, एवढंच."

मुनीरला पुढे जेवण गेलं नाही. आपलंच काहीतरी चुकलं म्हणून जैनब भांडी घासता घासता रडली. तिकीट निघालं.

निघायच्या आदल्या दिवशी जैनब म्हणाली, "अम्मी, जाण्याआधी तुमचं डोकं तरी धुऊन देते." तिने सासूला स्टुलावर बसवून तेल चोळलं आणि लाल नळ उघडला.

"अगं अगं, गारठून मरेन मी! निळा उघड!"

"निळा? या थंडीत?"

तोवर मी धो धो सुटलो होतो. हाफिजाने पाण्याखाली हात धरला आणि तो तिथेच ठेवला.

"इथे एवढं गरम पाणी येतं?"

जैनबने कपाळावर हात मारला. "इतके दिवस थंड पाण्याने अंघोळ केलीत? बोलायचं नाही का, अम्मी!"

"मला वाटलं, हिवाळ्यात इथे असंच येतं. पोराच्या घरी राहायचं आणि पाण्यावरून कुरकुर करायची, बरं दिसतं का?"

आवाज ऐकून मुनीर धावत आला. सगळं कळल्यावर त्याचा चेहराच पडला. "अम्मी, अगं मी हा गिझर तुझ्याचसाठी दुरुस्त केला होता!"

"मग मला सांगितलं का नाहीस, गाढवा?" असं म्हणून ती जी हसत सुटली, की जैनबही हसली, मुनीरही हसला आणि डोळेही तिघांनीच पुसले. "तिकीट रद्द कर. आणि आता बाहेर हो, मला नीट अंघोळ करू दे."

त्या दिवशी तिने माझ्या पोटात थेंबभर गरम पाणी ठेवलं नाही. इतका रिकामा आणि इतका सुखी मी कधीच झालो नव्हतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो. हिवाळ्याआधी माझ्यासारख्याचं पोट जरूर साफ करा, पण तेवढ्यावर थांबू नका. घरातलं म्हातारं माणूस अंघोळीला गेलं की दाराबाहेरून हाक मारून विचारा, "पाणी गरम येतंय ना?" ते आपणहून सांगणार नाही. आणि मला, बघा ना, विचारता येत नाही.