बुजवलेलं भोक

काँक्रीट ओतून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, भाड्याच्या घराच्या ओट्याशी उभे राहून सासरे मोठ्या समाधानाने म्हणाले, "सूनबाई, त्या मोठ्या खिडकीच्या चौकटीला खालच्या फळीत भोक राहिलं होतं. तुमच्या माणसांचं लक्षच नसतं. ओतायच्या आधीच मी बुजवलं. सांधा शोधून दाखवा."

मी गॅस बंद केला.

ते भोक मुद्दाम ठेवलेलं होतं. आमच्या नव्या घराच्या भिंती विटांच्या नाहीत. थर्माकोलचे पोकळ ठोकळे एकावर एक रचायचे, आत सळ्या उभ्या करायच्या आणि वरून काँक्रीट ओतायचं. हा साचा नंतर काढत नाहीत, आतबाहेर दोन्हीकडे तो तसाच राहतो, म्हणून घरात उकाडा शिरत नाही की थंडी. पण खिडकीखालच्या भिंतीत वरून काँक्रीट पोचणार कसं? मध्ये चौकट असते. म्हणून खालच्या फळीत भोक ठेवतात, तिथून ओततात आणि दांड्याने ढोसतात. सासऱ्यांनी जन्मभर सुतारकाम केलं. फळीला भोक म्हणजे त्यांच्या लेखी चारचौघांत फाटका सदरा. कोणाला न विचारता ठिगळ लावून मोकळे झाले. ठोकळे रचणारी टोळी वेगळी, पंपावरची वेगळी. पंपवाल्यांना सपाट फळी दिसली, ते पुढे सरकले. एकाने तोंड उघडून विचारलं नाही. विचारलं तर जीभ झिजते ना.

साधी भिंत असती तर डोळ्यांना दिसलं असतं. इथे आत काँक्रीट आहे की नुसती हवा, कोण सांगणार? ठोकून बघावं तर सगळीकडे तोच बद्द आवाज.

मी मुकादमाला फोन लावला आणि सासऱ्यांना तोंडावर सांगितलं, की तुम्ही काय करून बसलात. गुळात घोळून बोलणं मला जमत नाही. नवरा म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नये. मग भिंत आडवी झाल्यावर बोलू का, म्हटलं. हाच नवरा त्याच्या चुलतभावापुढे नंदीबैलासारखी मान हलवत होता, तो भाऊ जेव्हा म्हणाला, की आमच्या टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल जपून ठेवलाय, घेऊन जा, एक खोली वाढेल. सगळं गणगोत खो खो हसलं होतं. आता त्यांना आयतं कोलीत मिळणार होतं.

सासरे आत गेले आणि पिशवी भरायला लागले. लेकीकडे जातो, म्हणाले. ज्या घराची भिंत आपल्या हाताने पोकळ केली, तिथे कुठल्या तोंडाने राहू?

तेव्हा माझं धाबं दणाणलं. भिंत फोडून पुन्हा ओतता येते. हा माणूस एकदा लेकीकडे गेला असता तर परत आला नसता. सासूबाई गेल्यापासून माझ्याशी तोडीस तोड भांडणारं घरात तेवढंच एक माणूस उरलं होतं.

"पिशवी राहू द्या," मी म्हटलं. "आधी गुन्हा शाबित होऊ दे, मग फाशी."

बांधकामावर मुकादम करवत घेऊन आला. खिडकीखाली डाव्या कोपऱ्यात त्याने थर्माकोलचा चौकोन कापला. आत काँक्रीट. उजवीकडे कापला. काँक्रीट. मग मधोमध, अगदी फळीखाली. पांढरे दाणे उडून सगळ्यांच्या केसांत बसले. सासरे पाठ करून उभे होते, जणू दुसऱ्याच कोणाची भिंत होती. मुकादमाचा हात आत गेला. आत गेला, म्हणजे तिथे पोकळी होती.

"ताई," तो हात फिरवत म्हणाला, "दोन्ही बाजूंनी सरकत येऊन मध्ये भेटलंय. वरती वीतभर तेवढं रिकामं आहे."

भिंत फोडावी लागेल का, मी विचारलं. तो म्हणाला, कशाला फोडायची, फळी उघडा, वरून भरू.

मी तिथेच उरलेल्या ठोकळ्यांवर बसकण मारली. हसू आवरत नव्हतं.

सासरे वळले. "वीतभरच?"

"वीतभरच, बाबा," मी म्हटलं.

त्यांचा कोणाच्या शब्दावर विश्वास नाही. बाही वर करून त्यांनी स्वतः हात घातला, मनगटापर्यंत, आणि डोळे मिटून बराच वेळ चाचपत राहिले. मग आपलंच ठिगळ उचकटायला बसले. ते काही केल्या निघेना. इतकं घट्ट बसवायची काय गरज होती, मुकादम कुरकुरला. इतकं वाकडं भोक पाडायची काय गरज होती, सासऱ्यांनी विचारलं. दोघं एकमेकांवर खेकसत राहिले आणि मला ते ऐकून बरं वाटत राहिलं. शेवटी ठिगळ सुटलं, घमेल्याने काँक्रीट आत गेलं आणि दांडा सासऱ्यांनी कोणाला धरू दिला नाही. त्यांच्या मिशीत थर्माकोलचे दाणे अडकले होते. मी सांगितलं नाही.

हात धुताना म्हणाले, "माझी खाट या खिडकीखाली टाका."

"इथेच कशाला?"

"पडली तर माझ्याच अंगावर पडू दे."

"नाही पडायची."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "हात घालून बघितलंय मी."