साखर शून्य, असा एक पुडा

मी कीटो बिस्किटांचा पुडा. बदामाचं पीठ, जवस, खोबरं आणि लोणी एवढ्यातून माझी बिस्किटं झाली. गव्हाचा कण नाही, साखरेचा दाणा नाही. पुण्याजवळच्या एका लहानशा कारखान्यात माझ्यावर ठळक छापलं गेलं, ‘साखर शून्य’. त्या दोन शब्दांचा मला केवढा अभिमान होता!

पुण्यात नोकरी करणाऱ्या प्रांजलनं पाच भावंडांसकट मला विकत घेतलं आणि गावी, डिंगोऱ्याला वडिलांकडे आणलं. चांगदेव त्यांचं नाव. साखरेच्या आजारात त्यांच्या थोरल्या भावाचा पाय कापावा लागला होता. आता चांगदेवांनाही साखर निघाली होती.

“अण्णा, भाकरी थोडी कमी करा. मधेच भूक लागली तर हे खा,” प्रांजल म्हणाली.

पण चांगदेव आतून हादरले होते. त्यांनी भाकरी कमी नाही, बंदच केली. दोन वेळा साखर उतरवायची गोळी, आणि ताटाच्या जागी आम्ही पुडे.

त्यांच्या बायकोला, पुष्पाबाईंना, ते फार लागलं. “आवो, अर्धी तरी खा. इतकी वर्सं माज्या हातचं खाल्लंत, आता काय ईख झालं व्हय त्याचं?”

चांगदेव नको म्हणून मान हलवायचे. पुष्पाबाई एकट्याच जेवू लागल्या. पुढं पुढं त्या भाजीही धड करीनाशा झाल्या. फळीवरून मी ते बघायचो आणि मला ओशाळल्यासारखं व्हायचं.

दिवाळीनंतर चांगदेव तळेघरकडच्या वाडीत बहिणीला भेटायला निघाले. सकाळी गोळी घेतली, दोन बिस्किटं खाल्ली आणि मला पिशवीत टाकलं. एसटी तळेघरला सोडून गेली. पुढं तासाभराचा चढ होता.

अर्ध्या वाटेत त्यांची पावलं अडखळायला लागली. दरदरून घाम सुटला, हात लटपटू लागले. दगडावर बसून त्यांनी मला पिशवीतून काढलं. दोन बिस्किटं खाल्ली, मग आणखी दोन. थरथर काही थांबेना. त्यांच्या अंगातली साखर उतरत चालली होती, आणि नेमकी तीच माझ्यापाशी नव्हती. मिरवण्यासारखं माझ्यात जे होतं, तेच त्या घडीला कुचकामी ठरलं.

तेवढ्यात गुरं घेऊन गेणभाऊ नावाचा शेतकरी आला. “पावणं, काय व्हतंय?”

चांगदेवांची जीभ वळेना. त्यांनी पिशवीतल्या गोळ्यांकडे बोट केलं.

“शुगरची गोळी व्हय! आमच्या बापाला बी असंच व्हायचं.” गेणभाऊनं शिदोरीतला गुळाचा खडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. “चावा. हळूहळू चावा. आन् निजू नका.”

पाव तासानं चांगदेवांची नजर ताळ्यावर आली. मग गेणभाऊनं आपली नाचणीची भाकरी मोडून अर्धी त्यांना दिली. पहिला घास तोंडात गेला आणि चांगदेवांचे डोळे भरून आले.

“घरी बायकू एकलीच जेवती, राव,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चांगदेव परतून डॉक्टरांकडे गेले, तेव्हा डॉक्टर रागावले. “जेवण तोडलंत, आणि गोळ्या तेवढ्याच? मला विचारायचं तरी!” त्यांनी गोळी कमी केली आणि दोन्ही वेळेला अर्धी-अर्धी भाकरी ठरवून दिली.

प्रांजल पुण्याहून धावत आली. “अण्णा, माझंच चुकलं.”

“तुजं न्हाई गं,” चांगदेव म्हणाले, “मी लई भ्यालो व्हतो.”

त्या संध्याकाळी पुष्पाबाईंनी दोन ताटं वाढली. एका ताटात अर्धीच भाकरी होती, पण वाढताना त्यांच्या हाताला पुन्हा हुरूप आला होता.

आता चांगदेव चहाबरोबर माझ्यातलं एखादं बिस्कीट खातात. परवा पुष्पाबाईंनीही चाखून पाहिलं. “लई वाईट नाय,” एवढं म्हणाल्या. मला तेवढं पुष्कळ झालं.

बाबांनो, मला खुशाल खा. फक्त गोळ्या घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि माझ्यापायी घरातल्या कुणाला एकटं जेवायला लावू नका.

माझ्यात आता एकच बिस्कीट उरलंय. चहा उकळतोय, कप दोन मांडलेत. निघतो मी, या एकाचे दोन तुकडे व्हायचेत.